सहल कुठून निघाली?

दिवाळीची सुट्टी संपली की डहाणू-तलासरीच्या शाळांमध्ये सहलीचे वारे वाहू लागतात. एस.टी.च्या आगारात 'प्रासंगिक करारा'ची चौकशी होते, रायगड की शिवनेरी यावर शिक्षकांचं बोलणं चालतं, मुलांच्या हाती पालकांच्या सहीसाठी संमतिपत्रं दिली जातात. पुढे परीक्षेत त्यावर एक निबंध येतो आणि सहलीचं वर्ष पूर्ण होतं. ही गोष्ट शाळेच्या वर्षात इतकी मुरली आहे की ती कधी आली, कोणी आणली, कशासाठी आणली, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

पण मुलांना वर्गातून उठवून एखादं गाव, एखादा किल्ला, एखादं जुनं शहर दाखवायला नेणं ही साधी गोष्ट नाही. काम नसताना, केवळ पाहण्यासाठी घर सोडून जाता येणं हा बहुसंख्य माणसांना फार उशिरा मिळालेला अधिकार आहे. या अधिकाराचा माग काढत गेलं तर वाट जिनिव्हाला जाते, स्पेनच्या तोलेदोला जाते आणि फिरून बोर्डीच्या किनाऱ्यावर, झरीच्या माळावर, कोसबाडच्या टेकडीवर येते. डहाणू-तलासरीच्या सहलीची अर्धी वंशावळ याच मातीत आहे, हे इथल्या मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून हा मागोवा.

यात्रेचा वारसा

सामान्य माणसाला घराबाहेर काढणारी आपल्याकडची सर्वांत जुनी वाट यात्रेची. डहाणू तालुक्यात ती महालक्ष्मीची. विवळवेढ्याच्या देवळापाशी चैत्रात सुमारे पंधरा दिवस यात्रा भरते. पाड्यापाड्यांतून वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया माणसं येतात, गुजरातेतूनही येतात, आणि मंदिरामागच्या उभ्या डोंगरावर ध्वज चढतो. पोरं या यात्रेत आई-बापांचं बोट धरून जातात आणि घराबाहेरचं जग पहिल्यांदा पाहतात. शाळेच्या सहलीने यात्रेकडून पुष्कळ घेतलं आहे: ठरलेला हंगाम, सोबतीने जाणं, शिदोरी, वाटेतली गाणी, परतताना घरच्यांसाठी काहीतरी घेणं.

यात्रेत जायचं ते दर्शनाला, नवसाला, भेटीगाठींना. समोर जे दिसतं ते कोणी बांधलं, केव्हा बांधलं, ते इथेच का आहे, हे प्रश्न यात्रा विचारत नाही, आणि तिने ते विचारावेत अशी अपेक्षाही नाही. ते प्रश्न सहलीत दुसरीकडून आले.

शिक्षकाबरोबर चालणं

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडातल्या सरदारांची मुलं शिक्षण पुरं करण्यासाठी एखाद्या शिक्षकाला सोबत घेऊन युरोपात फिरत. फ्रान्स, मग आल्प्स ओलांडून इटली, रोम, नेपल्स असा तो मार्ग. स्पेन सहसा त्या वाटेवर नसे. हा प्रवास दोन-दोन, तीन-तीन वर्षं चाले आणि त्याचा खर्च पेलणारी घरं मोजकी होती. प्रवास म्हणजे शिक्षण ही कल्पना या मुलांमुळे रुजली, पण ती त्यांच्यापुरतीच राहिली.

ती शाळेत आणणाऱ्यांत जिनिव्हाचा रोदोल्फ तोप्फेर महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मुलांची निवासी शाळा चालवत असे. दरवर्षी तो आपल्या मुलांना घेऊन आल्प्समध्ये पायी निघे, आणि परतल्यावर त्या प्रवासाचा वृत्तांत स्वतःच्या रेखाटनांसह लिहून काढी. त्या वृत्तांतांचं पुस्तक १८४४ मध्ये निघालं. सहलीहून आल्यावर मुलांकडून निबंध लिहून घेण्याची आपली प्रथा याच जातकुळीची. त्याच सुमारास, ५ जुलै १८४१ रोजी, इंग्लंडात थॉमस कुक याने दारूबंदी चळवळीतल्या सुमारे पाचशे लोकांना लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेलं आणि समूहाने, ठरावीक दरात, एका दिवसात जाऊन येण्याचा रस्ता मोकळा झाला.

शाळेच्या सहलीत हे दोन्ही धागे आजही आहेत. तोप्फेरकडून आली शिक्षकाची सोबत आणि पाहिलेलं लिहिणं. कुककडून आलं भाडं, वेळापत्रक आणि डोकी मोजणं. कुठल्या सहलीत कोणता धागा वरचढ आहे यावर ती सहल शिकवते की नुसती फिरवते हे ठरतं.

तोलेदोची शाळा

सहलीला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवलं ते स्पेनमध्ये, आणि तेही नोकरी गमावलेल्या प्राध्यापकांनी. १८७५ मध्ये स्पेनच्या सरकारने हुकूम काढला की विद्यापीठातलं अध्यापन राजसत्ता आणि कॅथलिक धर्ममताच्या विरोधात जाता कामा नये. हा हुकूम नाकारणाऱ्या प्राध्यापकांना पदं सोडावी लागली. त्यांतल्याच फ्रान्सिस्को गिनेर दे लोस रिओस यांनी सहकाऱ्यांसह १८७६ मध्ये माद्रिदला एक स्वतंत्र संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ मुक्त शिक्षणाची संस्था. तिथे पाठांतराला आणि परीक्षेच्या दडपणाला विरोध होता. पाठ्यपुस्तकाच्या जागी वस्तू, कारखाना, संग्रहालय, डोंगर आणि शहर आलं.

गिनेर आणि त्यांचे शिष्य मानुएल बार्तोलोमे कोसीओ मुलांना प्रादोच्या चित्रसंग्रहालयात नेत, तोलेदोच्या गल्ल्यांतून हिंडवत. तोलेदो ही मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तिन्ही लोकांनी घडवलेली नगरी. एकाच रस्त्यावर सिनेगॉग, मशिदीच्या धाटणीच्या कमानी आणि कॅथेड्रल पाहताना देशाचा इतिहास एकाच धर्माचा नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नसे. ज्या सरकारने प्राध्यापकांना एकच मत शिकवायला सांगितलं होतं, त्याला तोलेदोच्या भिंती हे उत्तर होतं. १८८३ च्या उन्हाळ्यात गिनेर आणि कोसीओ विद्यार्थ्यांबरोबर ग्वादार्रामाचे डोंगर पायी ओलांडून गेले. १८८७ मध्ये कोसीओंनी माद्रिदच्या मुलांना उत्तरेच्या समुद्रकिनारी सान व्हिसेंते दे ला बार्केरा या गावी नेलं. ती स्पेनमधली शाळकरी मुलांची पहिली सुट्टीतली वसाहत. पुढे कोसीओंनी एल ग्रेकोवर १९०८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि तोलेदोचा हा विसरला गेलेला चित्रकार जगाच्या नजरेत परत आला. ज्या शहरात मुलांना नेलं त्याच शहराने शिक्षकालाही घडवलं.

आज जगभरच्या विद्यार्थ्यांचे गट तोलेदो, सेगोविया, कोर्दोबा, ग्रानादा अशी ऐतिहासिक शहरं एका आठवड्यात पाहून येतात. त्या प्रवासाला ही पार्श्वभूमी आहे. आणि या स्पेनशी डहाणूचं नातं कागदोपत्रीही आहे. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता. त्या काळात वसईपासून वर पसरलेला पोर्तुगीजांचा मुलूख, डहाणूसकट, याच राजाच्या नावे होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणू, तारापूर आणि शेवटी वसई मराठ्यांकडे आली. डहाणूच्या किल्ल्याचा इतिहास शिकवायचा तर त्यात माद्रिद आणि पुणे दोन्ही येतात.

रायगड सहलीत कसा आला

आपल्याकडे रेल्वे आली आणि प्रवासाचा वेग बदलला. १८६४ पर्यंत मुंबई आणि सुरत लोहमार्गाने जोडली गेली, आणि डहाणू त्या मार्गावर आलं. पण पाहायला कुठे जायचं हे रेल्वेने ठरवलं नाही, ते राष्ट्रीय चळवळीने ठरवलं. १८९५ पासून टिळकांनी रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न लावून धरला आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. किल्ला ही पाहण्याची, अभिमानाने आणि शोकाने पाहण्याची जागा झाली. महाराष्ट्रातल्या शाळेची सहल आजही गडाकडे जाते, त्यामागे हा धागा आहे.

शहराला आणि प्रदेशाला पुस्तकासारखं वाचायचं ही दृष्टी मुंबईत पॅट्रिक गेडीस यांनी आणली. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. विद्यार्थ्याने आधी आपला परिसर चालत पाहावा, त्याची नोंद करावी, मग सिद्धांताकडे जावं, हा त्यांचा आग्रह.

स्वातंत्र्यानंतर वाहनाचा प्रश्न एस.टी.ने सोडवला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि हळूहळू गावोगावचा रस्ता शाळेच्या दारापर्यंत आला. शालेय सहलींना एस.टी. भाड्यात ५० टक्के सवलत देते. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी पहिला गड, पहिली लेणी, पहिला समुद्र पाहिला तो या सवलतीच्या जोरावर.

ज्यांना जाण्याची मुभा नव्हती

हे सगळं होत असताना डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांच्या मुलांना सहल म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. डी. सिमिंग्टन यांनी १९३९ मध्ये मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे आयुष्यभर राबणारे लग्नगडी, मजुरी न देता करून घेतली जाणारी वेठ, हे त्यात सरकारी कागदावर आलं. लग्नगड्याला मालकाच्या परवानगीशिवाय शेजारच्या गावालाही जाता येत नसे. ज्याच्या पावलांवर दुसऱ्याचा हक्क आहे त्याचं पोर कुठला गड पाहायला जाणार?

ही बेडी तुटायला सुरुवात झाली १९४५ मध्ये. २३ मे रोजी झरी इथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेची ती परिषद. हजारो माणसं पायी चालत आली आणि वेठ करणार नाही असा निर्धार करून परत गेली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तळवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. लढा थांबला नाही. वेठ आणि लग्नगडीची प्रथा या मुलखातून गेली ती माणसांनी अशी किंमत मोजल्यावर. त्या वेळी झरी उंबरगाव तालुक्यात होतं. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं वेगळी झाली आणि हा भाग तलासरी म्हणून महाराष्ट्रात राहिला. आज तलासरीच्या शाळेतली मुलगी संमतिपत्रावर आईचा अंगठा घेऊन येते. तो अंगठा मुलीला पाठवण्याचा आहे, आणि तो देण्याचा हक्क त्या आईच्या आधीच्या पिढ्यांनी लढून मिळवला आहे. शाळेच्या सहलीच्या इतिहासात झरीला रायगडाइतकंच स्थान आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

शाळा मुलाकडे गेली

१९४५ याच वर्षी, शेजारच्या डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचा पाया घालून, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा करून, दादरला शिशुविहार चालवून त्या आता खेड्याकडे वळल्या होत्या. बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

तिथे त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न सरळ होता. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण लहान भावंड सांभाळायचं असतं, गुरं चारायची असतात. मग ताराबाई-अनुताईंनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातल्या एखाद्या घराच्या अंगणात बालवाडी भरली, तिची अंगणवाडी झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. गुरं चरत असताना पानं, बिया, दगड, पाखरं यांवर गणित आणि भाषा शिकवली गेली. सरकारने पुढे देशभर स्वीकारलेल्या अंगणवाडीची बीजं या टेकडीच्या आसपास आहेत. कुरणशाळा मात्र कमी माणसांना आठवते, आणि मला वाटतं शाळेच्या सहलीची इथली खरी पूर्वज तीच आहे. तिथे मुलाला कुठे न्यायची गरजच नव्हती. रोजच्या जागेकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकवायचं होतं.

ताराबाईंच्या या प्रयोगाच्या दहा-पंधरा वर्षं आधी स्पेनमध्ये कोसीओ म्हातारपणी याच विचारापाशी पोहोचले होते. १९३१ मध्ये तिथे प्रजासत्ताक आलं आणि सरकारने कोसीओंच्या अध्यक्षतेखाली शैक्षणिक पथकं गावोगाव पाठवली. ज्या शेतकऱ्याला माद्रिद कधीच पाहता येणार नव्हतं त्याच्या गावात प्रादोतल्या वेलाझ्केझ, गोया, एल ग्रेको यांच्या चित्रांच्या प्रतिकृती आल्या. ग्रामोफोन, नाटक, सिनेमा आला. पाच हजारांहून अधिक छोटी ग्रंथालयं उभी राहिली. कोसीओ १९३५ मध्ये गेले. यादवी युद्धानंतर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने गिनेरांची ती संस्था, ती पथकं, सगळं मोडून काढलं. कोसबाड मोडलं नाही, हे आपलं भाग्य. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये गेल्या तोवर देशभरचे शिक्षक, विद्यार्थी, अधिकारी कोसबाड पाहायला येत होते. ज्या मुलखातल्या माणसाला बाहेर जाता येत नव्हतं तो मुलूखच सहलीचं ठिकाण झाला.

चित्रकलेतही तेच घडलं. गंजाडच्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात होती. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज कलाशाळांचे विद्यार्थी गंजाडला येतात, कुडाच्या भिंतींवरचा लग्नाचा चौक पाहतात, वहीत उतरवतात.

फी, भीती आणि निवड

मग आजची सहल कशी आहे? ती घाईची झाली आहे. दोन दिवसांत सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास. ती भीतीचीही झाली आहे, आणि भीतीला कारण आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी खुद्द डहाणूच्या समुद्रात कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण सुरक्षिततेची जबाबदारी एकट्या मुख्याध्यापकावर येते तेव्हा सहलच रद्द करणं त्याला सोपं वाटतं. मुलांचा जीव जपायला पोहता येणारे शिक्षक, पुरेशी जॅकेटं आणि बोटीतल्या माणसांची काटेकोर मोजणी लागते. सहल बंद केली म्हणजे हे काम झालं असं होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. सहल हळूहळू निवडक मुलांची होत चालली आहे. पैसे असतील त्यांची, किंवा गुण मिळवतील त्यांची. काही जिल्हा परिषदांनी सरकारी शाळांतल्या हुशार मुलांना इस्रोची केंद्रं दाखवायला नेलं, हे मनापासून कौतुकाचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, हे आदिवासी मुलाला दूरवर नेलं तर काय होतं याचं झळाळतं उदाहरण आहे. पण बक्षीस म्हणून दिलेली सहल आणि धडा म्हणून घेतलेली सहल यांत फरक आहे. गणिताचा तास पहिल्या दहा मुलांनाच मिळतो का? गिनेरांच्या तोलेदोत आणि अनुताईंच्या कुरणावर सगळा वर्ग होता.

आणि वर्गातली काही मुलं या काळात शाळेतच नसतात. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की डहाणू-तलासरीतली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही जातात. नेमका तोच आपला सहलीचा हंगाम. आपण सहलीची तारीख अशी ठरवतो की ज्या मुलाला तिची सर्वांत जास्त गरज आहे ते मूल आपोआप वगळलं जातं. पाऊस ओसरल्यावर, कापणीच्या आधी, सप्टेंबरच्या अखेरीस सहल काढली तर हे मूल गाडीत असेल. तारीख बदलायला एक पैसाही लागत नाही.

दोन सहली

या मागोव्यातून माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली आहे. प्रत्येक शाळेला दोन सहली हव्यात.

पहिली जवळची. शाळेच्या वेळात, फीशिवाय, सगळ्यांची. बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरात त्या गुहा आहेत जिथे पारश्यांची वस्ती असलेलं संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र इराणशाह अग्नी बारा वर्षं जपला, असं त्यांची परंपरा सांगते. आज तो उदवाड्याला आहे. परक्या देशातून आलेल्या लोकांना या किनाऱ्याने आश्रय कसा दिला, हे तिथे उभं राहून कळतं. डहाणूच्या किल्ल्यापाशी पोर्तुगाल, स्पेन आणि मराठे एकत्र भेटतात. झरी आणि तळवाड्याला स्वातंत्र्य म्हणजे काय हे पुस्तकाबाहेर समजतं, आणि तिथे त्या दिवसांच्या गोष्टी ऐकून मोठी झालेली माणसं अजून आहेत. त्यांना मुलांपुढे बोलतं करणं हा इतिहासाचा सर्वांत चांगला तास आहे. कोसबाड आहे, गंजाड आहे, अशेरीगड आणि गंभीरगड आहेत. एका सहामाहीत एकच ठिकाण घ्यावं, आधी वर्गात त्याविषयी वाचावं, तिथे दिवसभर थांबावं, परतल्यावर लिहावं आणि काढावं. तोलेदोत हेच चालत असे.

दुसरी दूरची, आणि ती हक्काची. तलासरीच्या मुलीने अजिंठा पाहावा, हंपी पाहावी, संसद पाहावी, आणि वेळ आली तर ग्रानादाचा अल्हाम्ब्राही पाहावा. जवळचं पाहायला शिकलेलं मूल दूरचं पाहून दिपत नाही. महालक्ष्मीच्या डोंगरावर चढणारा ध्वज आणि वारली चौकाची रेषा ज्याने नीट पाहिली आहे त्याला कोर्दोबाच्या कमानीपुढे उभं राहताना आपण कोणीतरी लहान आहोत असं वाटणार नाही. ते मूल तिथे तुलना करेल, प्रश्न विचारेल, आणि स्वतःच्या गावाविषयी सांगेलही.

जवळच्या सहलीसाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. एक शिक्षिका, एक वर्ग आणि एक मोकळी सकाळ पुरते. दूरच्या सहलीचे पैसे मात्र सरकारने द्यायला हवेत, पाठ्यपुस्तकं आणि गणवेश देतं तसेच, आणि ज्याच्या घरी फी भरायला काही नाही त्या मुलापासून द्यायला हवेत. ही मागणी पालकांच्या सभेत, ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आपण मोठ्याने करायला हवी.